गुंठा आणि आर यांच्या मधली जागा

आक्का, तू गेल्यापासून मला दुपारची झोप फार लागते. झोप कसली, डोळा मिटला की मी आपली आबांच्या शेतात, तुझ्या पट्ट्यात, पाठीवर पडलेली असते. दोन्ही अंगांना ज्वारी उभी, वर थंडीतलं फिकट आभाळ, आणि तू माझ्या डोक्याशी डोकं लावून पलीकडच्या दिशेला पाय केलेली. शेजारी शेजारी पडायला तिथं जागाच कुठं होती? चार फूट रुंदीत आपल्यासारख्या दोन धडधाकट बायका मावायच्या नाहीत, म्हणून एकामागं एक, रेल्वेच्या डब्यांसारखं पडायचं. दौंडात जन्म काढलेल्या बाईला हेच जमतं, असं तू म्हणायचीस. ज्वारीची पानं एकमेकींना घासायची, आणि तो आवाज ऐकता ऐकता तू आधी घोरायला लागायचीस.

जाग येते तेव्हा मी शिक्रापुरात असते. खाली हायवेचे ट्रक, जिन्यावर भाडेकरूंच्या चपला, आणि डोकं मात्र तुझ्याच मापानं चाललेलं. आम्ही भाड्यानं दिलेल्या खोल्या दहा बाय दहाच्या. तू पहिल्यांदा बघायला आलीस तेव्हा दारातच म्हणालीस, ही तर दीड आण्याची खोली. आमच्या ह्यांना वाटलं तू नावं ठेवतेस. मग तूच समजावलंस की गुंठ्याचे सोळा आणे, एक आणा म्हणजे अडुसष्ट चौरस फूट, तेव्हा शंभर फुटांची खोली साधारण दीड आण्याला भरते. तुमचं रेल्वेचं क्वार्टर पाव गुंठ्याचं, त्याला तू चार आण्यांचा संसार म्हणायचीस. दाजींची ड्यूटी गाड्यांच्या मागं, आणि तू त्या चार आण्यांत बसून पेपरातल्या जमिनींच्या जाहिराती वाचायचीस. चौरस मीटरचे गुंठे कर, गुंठ्यांचे एकर कर, हेक्टरला अडीचनं गुणून थोडं कमी कर. तुझ्या नावावर मातीचं ढेकूळ नव्हतं, पण मोजायची हौस पाटलिणीची.

आमच्याकडे बिहारचा एक भाडेकरू होता, सणसवाडीच्या कंपनीत वेल्डर. तो तुला आठवत असेल. त्यानं तुला विचारलं होतं, "दीदी, ये गुंठा कितना होता है?" तू त्याला अंगणातच पावलं टाकून दाखवलंस. मग त्याच्याकडून त्याच्या गावचं माप काढून घेतलंस. तिकडं वीस कट्ठ्यांचा बिघा, आणि कट्ठासुद्धा जिल्ह्या-जिल्ह्यात वेगळा, हे ऐकून तुला इतका आनंद झाला की तू चहा गार केलास. दोन माणसं आपापल्या गावातली, आणि दोघांचा बिघा वेगळा. म्हणजे सगळेच आपापल्या मापात खरे, असं तू दिवसभर म्हणत होतीस. तो पोरगा गाव बदलून गेला, पण पुढं कुणीही आलं की तुझ्यासारखी विचारपूस करायची सवय मला लागली. परवा एकाला मीच विचारलं, तुमच्याकडं जमीन कशात मोजतात. विचारून झाल्यावर आठवलं की हे सांगायला आता फोन कुणाला करायचा. तिथंच जिन्यावर बसून रडले मी.

तुझ्या या वेडाचं मूळ आबांत. आबांनी आपल्याला गुंठा कागदावर शिकवलाच नाही. कापणी झालेल्या रानात चार भावंडांना चार कोपऱ्यांना उभं केलं. तू थोरली म्हणून विहिरीच्या अंगाला, मग दादा, मग बापू, मग मी शेंडेफळ. माझ्यापासून तेहतीस फुटांवर तू, तेहतीस फुटांवर बापू. आबा मधे उभे राहून म्हणाले, "ह्यो गुंठा. असं चाळीस झालं की एकर." मला तेव्हा एकच कळलं, की गुंठा म्हणजे चार भावंडं एकमेकांना न ओरडता ऐकू जातील एवढी जागा. आबांचे एकर चार. घोडनदीच्या अलीकडचं काळं रान, शिरूरच्या बाजारातून बैलगाडीनं परतताना लांबूनच ओळखू यायचं.

आबा गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून चौघांची नावं लागली, आणि आपल्याकडे जे होतं तेच झालं. दिवाळीला बोलावणं आलं, साड्या आल्या, आणि जेवणं झाल्यावर विषय निघाला की बहिणींनी हक्कसोड करून द्यावी. यात दादाचं काही वावगं होतं असं मी म्हणत नाही. भावकीत सगळ्यांच्या बहिणींनी दिली होती. न देणाऱ्या बहिणीला माहेरचा उंबरा परका होतो, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण ते सगळ्या लेकींना लग्नाआधीपासून ठाऊक असतं. मी लगेच हो म्हणाले. तू मात्र ताटातला शेवटचा घास नीट चावून खाल्लास आणि म्हणालीस, सही मी पण देते, एक अट आहे.

"तुम्हा दोघांचं दोन-दोन एकर पुरं भरू द्या. ते भरून जे उरंल ते माझं."

दादा हसला. बापू तर इतका हसला की त्याला ठसका लागला. चारातून दोन आणि दोन गेले तर उरतंय काय? दादा भावकीतल्या चार माणसांसमोर म्हणाला, "व्हय, जे उरंल ते आक्काचं. दिला शब्द." माझ्या जाऊबाईंनी नंतर मला विचारलं, तुझी बहीण शिकलेली ना? तेव्हा बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असं मलाही वाटलं होतं.

मग मोजणीचा दिवस. बापूच्या ओळखीचा एक खासगी मोजणीवाला आला, यंत्र घेऊन. त्यानं विचारलं, वाटप किती-किती करायचं? सातबाऱ्यावर सगळं हेक्टर आणि आर असं लिहिलेलं. दादानं आपल्या सगळ्या गावानं पिढीभर जे म्हटलं तेच म्हटलं, "दोन एकर म्हंजी ऐंशी गुंठं. आर म्हंजी गुंठाच की. टाका ऐंशी-ऐंशी आर." त्यानं टाकले. एकदा पूर्वेच्या बांधाकडून आत मोजत आला, एकदा पश्चिमेच्या बांधाकडून. आणि खुंट्या ठोकून झाल्या तेव्हा मधे एक पट्टा उरला. चार फूट रुंद आणि शेताएवढा लांब.

मला तो क्षण स्वप्नासारखा आठवतो. दादा आणि बापू आपापल्या खुंट्यांजवळ उभे, मधे ती रिकामी माती, आणि तू चप्पल काढून हळूच तिच्यावर जाऊन उभी राहिलीस. दादानं यंत्राला दोष दिला. पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. मग तू सांगितलंस. गुंठा एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा, आणि आर एक हजार शहात्तरचा. दर गुंठ्यामागं तेरा फुटांचा फरक. चाळीस आर भरले म्हणजे एकर भरला असं सगळे धरून चालतात, तो भरलेला नसतो, जवळजवळ अर्धा गुंठा कमी असतो. चार एकरांत मिळून पावणेदोन गुंठ्यांच्या वर. ते सगळं गोळा होऊन असं मधे येऊन पडलं होतं.

नंतर त्या पट्ट्यात पडल्या पडल्या तू मला त्याचं एक चित्र सांगितलं होतंस, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तेरा फूट म्हणजे एक अरुंद खाट. प्रत्येक गुंठ्यामागं एक खाट सुटते, कुणाच्या लक्षात येत नाही. तू म्हणालीस, या गावातल्या सगळ्या सह्या दिलेल्या लेकी बोलवायच्या, एकेकीला एकेक खाट द्यायची, आणि थंडीच्या उन्हात सगळ्या रानभर झोपवायच्या. कुणाचं काही कमी होणार नाही. दुपार कलली की उठून आपापल्या सासरी जातील. मी डोळे मिटून ऐकत होते आणि मला खरंच दिसत होत्या, ज्वारीच्या वर तरंगणाऱ्या खाटा, कुठं निळं लुगडं, कुठं हिरवं, कुणाचा हात खाली लोंबतोय.

पण भांडण काही स्वप्नातलं नव्हतं. ते खरंखुरं होतं आणि ते तू अर्धंच टाकून गेलीस. दादाचं म्हणणं होतं की तू फसवलंस. आबांचा एकर साखळीनं मोजलेला, खरा एकर, आणि त्या हिशोबानं चार एकरांतून काही उरतच नाही. हे त्याचं बरोबर होतं, आणि तूही ते नाकारलं नाहीस. तू म्हणालीस, ऐंशी आर म्हणजे दोन एकर हे माप तू बोललास, मी नाही. मनात आणलं असतं तर दादा दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्याला बोलावून खुंट्या सरकवू शकत होता. कागदावर तुझं काहीच नव्हतं, हक्कसोडीवर सही झालेली होती. त्यानं खुंट्या हलवल्या नाहीत. शब्दाचा पक्का माणूस. पण त्या दिवसापासून तो तुझ्याशी सरळ बोलला नाही. चहा विचारायचा तर वहिनीमार्फत, दौंडची गाडी कितीला आहे हे विचारायचं तर माझ्यामार्फत.

एकदाच तो फुटला. संक्रांतीला आलो होतो, तू पट्ट्यातून परत आलीस आणि लुगड्याला कुसळं चिकटलेली. दादा ओट्यावर होता. म्हणाला, "मागितलं असतंस तर दिलं असतं."

तू कुसळं काढत काढत म्हणालीस, "मागितल्यावर देणार व्हतास, तर सही कशाला घेतलीस?"

वहिनी तिळगूळ घेऊन बाहेर आली आणि तशीच आत गेली. इतकी वर्षं मी त्या दोन वाक्यांवर विचार करते आहे, आक्का, आणि अजून मला सांगता येत नाही की कुणाचं खरं. तुझंही खरं वाटतं. पण दादाचा चेहरा आठवला की वाटतं, त्याला जमीन गेल्याचं दुःख नव्हतंच. थोरल्या बहिणीनं आपल्याकडं हात पुढं केला नाही, अक्कल पुढं केली, हे त्याला लागलं होतं. तुझा थोडा राग येतो मला. एवढी हुशार, पण भावाला देणारा होऊ द्यायला हवं, हे तुला कळलं नाही. आणि लगेच स्वतःचाही राग येतो, की मी तर निमूट सही देऊन मोकळी झाले, मग तुला शिकवणारी मी कोण.

पट्टा मात्र राहिला. दादाचा ट्रॅक्टर त्याच्या कडेनं जायचा आणि फाळ उचलून परत फिरायचा. बापूचाही. मधे नुसतं गवत, तरवडाची पिवळी फुलं, एक आपोआप उगवलेली बोर. शेजारपाजारच्या रानांचे प्लॉट पडले, पांढऱ्या दगडांच्या रांगा आल्या, कालचे शेतकरी गुंठामंत्री होऊन सोन्याच्या साखळ्या घालून फिरू लागले, आणि आपल्याकडं मात्र चार फुटांची एक पट्टी कुणी विकेना, कुणी पेरेना. लोक दादाला हसायचे. तो म्हणायचा, बहिणीचं हाय ते. एवढंच. तुला हे कुणी सांगितलं होतं का? मी सांगितलं नव्हतं. तुम्हा दोघांमधे निरोप्यासारखी फिरून कंटाळले होते, म्हणून नेमकं हेच सांगायचं राहून गेलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. तू मला दरवेळी म्हणायचीस, चल गं, आपल्या पट्ट्यात जाऊ. मी यायचे, पडायचे, बोरं खायचे, आणि मनात दरवेळी म्हणायचे, आपला नाही, तुझा. मलाही हवी होती एक खाट, आक्का. एवढी साधी गोष्ट मी तुझ्यापाशी बोलले नाही, आणि तू मात्र न विचारता दरवेळी 'आपला' म्हणत राहिलीस.

मग तो फोन आला. तुझ्या संदीपचा आवाज ऐकूनच मला कळलं. भीमेच्या काठावर सगळं झालं. दादा शेवटपर्यंत एका बाजूला उभा होता, डोळ्यांत पाणी नाही. सावडायच्या दिवशी संदीपनं गाडगं उचललं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आईची एक इच्छा होती. थोडी रक्षा मामांच्या रानात, तिच्या पट्ट्यात ठेवायची, आणि वर एक झाड लावायचं. हल्ली नदीत न सोडता शेतात रक्षा ठेवतात, ते आता सगळीकडे झालंय. पण आपल्या शेतात, आपल्या माणसाची. दिल्या घरच्या लेकीची राख माहेरच्या रानात, हे कुणी ऐकलं होतं? भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तसं म्हटलंही. सगळे दादाकडं बघायला लागले. तो म्हणाला, या रविवारी. आणि गाडीत जाऊन बसला.

रविवार येईतो मी एकच हिशोब करत होते. तू होतीस तोवर शब्द होता. तू गेल्यावर तो कुणाशी पाळायचा? त्यानं नको म्हटलं असतं तर कायदा त्याच्या बाजूला, रीत त्याच्या बाजूला, आणि खरा एकरसुद्धा त्याच्याच बाजूला. मी सबंध रस्ताभर मनात भांडण जुळवत गेले. संदीपच्या मांडीवर गाडगं होतं आणि पायाशी दौंडच्या नर्सरीतलं कडुलिंबाचं रोप.

दादा शेताच्या तोंडाशी कुदळ घेऊन उभा होता, बापू पाण्याची कळशी घेऊन. आम्ही सगळे ओळीनं पट्ट्यातून चालत गेलो, एकामागं एक, कारण तसंच चालता येतं तिथं. बोरीपाशी संदीप थांबला आणि खाली बसणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "हितं न्हाई."

मी म्हणाले, दादा, शब्द दिला होतास तू.

"पट्टा तिचाच हाय," तो म्हणाला. "त्याला कोण हात लावतंय? पर उरल्याल्यात न्हाई ठिवायचा मी तिला."

आणि तो वळून आपल्या वाट्यात शिरला. कणसं भरलेली ज्वारी होती, आक्का, महिन्याभरात काढणीला आली असती. हातानं धाटं बाजूला करत तो सरळ आत चालत गेला, बांधाला नाही, कडेला नाही, पार मधोमध, आणि तिथं त्यानं दोन्ही हातांनी ज्वारी उपटून जागा मोकळी केली. आम्ही त्याच्या मागनं पोचलो तोवर त्यानं कुदळ मारायला सुरुवातही केली होती. संदीपनं कुदळ मागितली, ती त्यानं दिली नाही.

बापूनं भीत भीत म्हटलं, "दादा, लिंब हाय त्यो. मोठा झाला की सावलीत पीक येत न्हाई. ट्रॅक्टर बी आडंल."

"आडू दे," दादा खाली बघूनच म्हणाला. "वळसा घालीन."

रक्षा ठेवली, रोप लावलं, बापूनं पाणी घातलं. दादा उकिडवा बसून हातानं माती दाबत राहिला, बराच वेळ, दाबून झाली तरी. मग त्याला रडू फुटलं, आबा गेले तेव्हाही मी त्याला तसं रडताना पाहिलं नव्हतं. हे तू मागितलं नव्हतंस, आक्का. आता भांड बघू त्याच्याशी.